स्वयंपाकघरात बसणारी माणसं

बर्निस गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात मसालेभाताचा डाव होता. वेम्बलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता. रविवारची दुपार, जेवणाची रांग दारापर्यंत गेलेली. फोन सारखा वाजत राहिला म्हणून शेवटी मी डाव शेजारच्या बाईंच्या हातात दिला आणि बाहेर कार पार्कमध्ये आले. इव्हॉन होती, बर्निसची धाकटी बहीण. ती रडत नव्हती. "मेडा," ती म्हणाली. माझ्या मेधातला 'ध' दोघी बहिणींना कधी जमला नाही. "बर्निस स्वयंपाकघरात पडलीय." मला वाटलं, पाय घसरला असेल. "अॅम्ब्युलन्स बोलावलीस का?" मी विचारलं. ती म्हणाली, "पोलीस आलेत. मला फुटपाथवर उभं केलंय. मेडा, ती गेली. कोणीतरी घरात येऊन तिला मारून गेलं." माझ्या मागे हॉलमध्ये कोणीतरी माइक तपासत होतं, हॅलो हॅलो, आणि मी हातातल्या फोनकडे बघत उभी होते. त्या क्षणी मला काय वाटलं हे मी नंतर अनेकांना सांगितलं, पण खरं सांगायचं तर दुःख खूप उशिरा आलं. आधी आला तो प्रश्न. स्वयंपाकघरात? तिथे कोणाला कसं बसवलं तिने?

हा प्रश्न मला का पडला ते कळायला बर्निस कोण होती ते सांगायला हवं. इथल्या वर्तमानपत्रांनी पहिले काही दिवस तिचा विग आणि गाऊनमधला फोटो छापला आणि प्रत्येकाने तिला 'पायोनियर' म्हटलं. ते खोटं नव्हतं. तिच्या चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टर लोक मिळून जे ऑफिस चालवतात तिथे, ती पहिली काळी बाई. पुढे त्याच चेंबर्सची ती प्रमुख झाली. मी एकदा तिची कोणाशी तरी ओळख करून देताना अडखळले आणि आपल्याकडच्या सवयीने काहीतरी 'डस्की' वगैरे म्हणाले. घरी जाताना गाडीत तिने विचारलं, हा शब्द कुठून काढलास? मी तिला आपला 'सावळी' समजावून सांगितला, लग्नाच्या जाहिराती समजावून सांगितल्या. ती पोट धरून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मला काळीच म्हण. मी त्यासाठी बरंच भांडलेय."

आमची ओळख कोर्टाच्या कॉरिडॉरमधली. मी मराठी आणि हिंदीची दुभाषी, म्हणजे ज्या आरोपीला किंवा साक्षीदाराला इंग्रजी येत नाही त्याच्या शेजारी उभं राहून दोन्ही बाजूंचं बोलणं पोचवणारी. त्या दिवशी साताऱ्याकडची एक तरुण मुलगी आरोपी होती. नवऱ्याने तिला घराबाहेर काढल्यावर तिने त्याचे सूट समोरच्या अंगणात रचून पेटवून दिले होते आणि शेजाऱ्याचं कुंपणही त्यात जळलं होतं. कोर्टाच्या शिपायाने आधी बर्निसला विचारलं, "तुम्ही दुभाषी का?" आणि मग मला विचारलं, "तुम्ही आरोपीची आई?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "मी बॅरिस्टर आहे. या दुभाषी आहेत. आरोपीची आई साताऱ्यात असावी." तिने 'साटारा' असा उच्चार केला, पण गावाचं नाव तिला ठाऊक होतं. एवढ्यावरच मी खूश झाले.

साक्ष देताना ती मुलगी म्हणाली, "त्यांनी मला टाकलं." मी त्याचं इंग्रजी केलं, 'ही लेफ्ट मी.' बर्निस पुढचा प्रश्न विचारायला उठली आणि थांबली. ती मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिने जज्जांची परवानगी घेऊन मला विचारलं, "दुभाषीबाई, साक्षीदाराने जो शब्द वापरला, त्याला 'लेफ्ट' पुरेसा आहे का?" मी म्हटलं, नाही. आमच्याकडे कचरा टाकतात, जुनी वस्तू टाकतात, त्याच क्रियापदाने बायकोला टाकतात, आणि तशा बाईला आयुष्यभर 'टाकलेली' म्हणतात. ज्युरीतली एक म्हातारी बाई मुलीकडे टक लावून बघायला लागली. मुलगी तुरुंगात गेली नाही. केस चालू असेपर्यंत दुभाष्याने वकिलाशी हवापाण्यापलीकडे बोलायचं नसतं, म्हणून निकालानंतर बर्निस पायऱ्यांवर माझी वाट बघत थांबली होती. "तू रविवारी काय करतेस?" तिने विचारलं.

त्यानंतर कित्येक रविवार मी तिच्या विल्सडनच्या घरी गेले. तिची आई कॅरिबियन बेटावरून आलेली, हॉस्पिटलात नोकरी करून तिने ते घर घेतलं होतं. रस्त्याकडची पुढची खोली आईने लावली होती तशीच बर्निसने ठेवली होती. क्रोशाची आच्छादनं, काचेचं कपाट, त्यात चांदीचे चमचे आणि कधीही न वापरलेला टी-सेट. पाहुणे तिथे बसायचे. पाद्री, शेजारी, बातमीदार, तिचे अशील, एकदा तर एक मंत्रीसुद्धा, सगळे तिथे. आणि स्वयंपाकघरात बसायची ती घरातली माणसं. आईचा नियम होता आणि बर्निसने तो कधी मोडला नाही. मलासुद्धा जवळजवळ वर्षभर पुढच्या खोलीतच चहा मिळाला. मग एका रविवारी मी एलिंग रोडवरून भेंडी घेऊन गेले, तिने पिशवी हातात घेतली आणि म्हणाली, "चल आत. तुझ्या पद्धतीची कर, मला बघू दे." त्या दिवसापासून मी आतली झाले.

आत बसणारे आम्ही मोजकेच. इव्हॉन, मी, बर्निसचा घटस्फोटित नवरा डेस्मंड, जो अजूनही बॉयलर बिघडला की हत्यारांची पेटी घेऊन यायचा आणि जेवून जायचा, आणि एड्रियन, तिच्या चेंबर्समधला तरुण बॅरिस्टर, तिच्या हाताखाली तयार झालेला, केंब्रिजच्या प्राध्यापकांचा मुलगा. गोरा, लाजाळू, हातात कायम पुडिंगचा डबा. बर्निस त्याला चिडवायची, "तू वाक्य संपवायला शिकलास की जज्ज होशील."

गेल्या वर्षी तिने जी केस घेतली ती एका तरुण मुलाच्या मृत्यूची. एका खासगी सुरक्षा कंपनीच्या ताब्यात असताना तो गेला होता. कंपनी म्हणत होती, त्याला फिट आली. त्याची आई पर्ल म्हणत होती, माझ्या मुलाला जन्मात कधी फिट आली नव्हती. अशा मृत्यूची इथे कॉरोनरपुढे, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या न्यायाधिकाऱ्यापुढे, चौकशी होते, ज्युरी बसते, आणि बर्निस त्या आईची वकील होती. ती केसबद्दल घरी सहसा बोलत नसे. पण या केसने तिला पोखरलं होतं. पलीकडून कोणी बोलत नाही असे फोन यायला लागले. कोणीतरी बागेतल्या कुंड्या उलट्या करून गेलं. तिने दाराला साखळी बसवली, कॅमेऱ्याची बेल लावली. आम्हीसुद्धा लेटरबॉक्समधून नाव सांगितल्याशिवाय ती दार उघडत नसे. आणि एका रविवारी, प्लेट्स अजून टेबलावर होत्या, ती एकदम म्हणाली, "मला एक गार्ड मिळालाय. तो त्या दिवशी ड्युटीवर होता आणि खरं सांगायला तयार आहे." डेस्मंडने ग्लास खाली ठेवला. एड्रियन म्हणाला, "बर्निस, हे इथे…" आणि नेहमीप्रमाणे वाक्य अर्धं सोडलं. तिने हात हलवला. "इथे नाही तर कुठे बोलू?"

त्याच आठवड्यात त्या गार्डने शब्द फिरवला. फोन उचलेना, घर बदललं. कोणीतरी त्याला गाठलं होतं, आणि असा गार्ड बोलायला तयार आहे हे त्या टेबलाशी बसलेल्यांखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

बर्निसची आणि माझी शेवटची भेट एलिंग रोडवर झाली. ती भाजीच्या दुकानाबाहेर केळफूल हातात घेऊन उभी होती, हे खायचं कसं असं मला विचारत होती, आणि त्याच स्वरात, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मेडा, त्या रविवारचं तू कोणाला बोललीस?" मी म्हटलं, श्रीकांतलासुद्धा नाही. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. मग तिने वर पाहिलं. ती नजर मला ठाऊक होती. साक्षीदाराचं उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याआधी ती असंच बघायची. दुकानदार मध्येच काहीतरी म्हणाला. "बरं," ती म्हणाली, केळफूल परत ठेवलं आणि भेंडी घेतली. गाडीपर्यंत आम्ही पावसाबद्दल बोललो… ती मला विश्वासाने विचारत होती की तपासत होती, हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी ती गेली.

पोलीस सुरुवातीला म्हणत होते, चोरी करायला आलेल्याचं काम असावं. लॅपटॉप गेला होता, फोन गेला होता. पण काचेच्या कपाटातले चमचे जागेवर होते, वरच्या खोलीतले दागिने जागेवर होते. दार फोडलेलं नव्हतं. साखळी आतून काढलेली होती. कॅमेऱ्याची बेल त्या दुपारी काहीच टिपत नव्हती, कारण तिची बॅटरी ओट्यावर चार्जिंगला लावलेली होती. आणि ओट्यावर टीपॉट होता. एकटी असली की बर्निस कपातच टी-बॅग बुडवायची. टीपॉट निघायचा तो कोणी आलं तरच. तिचा कप अर्धा भरलेला होता. दुसरा कप धुऊन कपाटात ठेवलेला होता, जिथे तो असायचा बरोबर तिथे. डोक्यामागे एकच घाव होता, म्हणजे तिने पाठ फिरवली होती. बर्निस नको त्या माणसाकडे कधी पाठ फिरवत नसे.

हे सगळं मी तपास करणाऱ्या डिटेक्टिव्ह बाईंना सांगितलं. पुढच्या खोलीचा आणि स्वयंपाकघराचा नियमही सांगितला. त्यांनी तो नीट ऐकला. मग विचारलं, "म्हणजे तुमच्या मते हे काम तिच्या स्वयंपाकघरात बसणाऱ्यांपैकी कोणाचं तरी आहे?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "तुम्हीही तिथे बसायचात ना?" आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या उलटतपासणीचे शब्द इकडून तिकडे पोचवले. पहिल्यांदाच प्रश्न माझ्यासाठी होता. शनिवारी दुपारी मी घरी एकटी होते, मंडळाच्या भातासाठी मटार सोलत. श्रीकांत क्रिकेटच्या मॅचला गेला होता. मटारांची साक्ष कोण काढणार?

मंडळातल्या एक बाई सांत्वनाला आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "मेधाताई, वाईट वाटतं हो, पण त्यांच्यातलंच कोणीतरी असणार. त्या लोकांच्यात हे चालतंच." मी विचारलं, "त्यांच्यात म्हणजे? वकिलांच्यात?" बाईंनी कप खाली ठेवला. त्या गेल्यावर श्रीकांत म्हणाला, "तू हल्ली सगळ्यांशीच वकिलासारखी बोलतेस." मग बाईंचा कप उचलत, "माझ्याशीसुद्धा. परवा तू मला विचारलंस, मॅच कितीला संपली." मी विचारलं होतं, हे खरं. संशय घरात आला की तो आपलं-परकं बघत नाही. मी एड्रियनचा विचार करायची, त्याचे हात किती स्थिर असायचे. डेस्मंडचा विचार करायची, फ्युनरलला तो इतका का रडला. इव्हॉनचा विचार करायची, घर आता तिचं… आणि मग बेसिनपाशी उभी राहून स्वतःलाच विचारायची, तू खरंच कुठे बोलली नाहीस ना? फोनवर? बसमध्ये? मराठीत?

फ्युनरलनंतर इव्हॉनने आम्हाला घरी बोलावलं. ज्याला बर्निसची एखादी वस्तू आठवण म्हणून हवी असेल त्याने न्यावी, असं तिचं म्हणणं होतं. डेस्मंड आत शिरला तो सवयीने सरळ मागे स्वयंपाकघराकडे निघाला. "तिकडे नको," इव्हॉन म्हणाली. तिने पुढची खोली उघडली होती. आम्ही चौघं त्या न वापरलेल्या सोफ्यांवर पाहुण्यांसारखे बसलो. चहा आला. कोणी कप उचलेना.

शेवटी डेस्मंडच म्हणाला, "तिने मला विचारलं होतं. त्या रविवारचं कोणाला सांगितलंस म्हणून."

"मलाही," मी म्हटलं.

इव्हॉनने बशी खाली ठेवली. "सख्खी बहीण आहे मी तिची. मलाही विचारलं. चर्चच्या दारात."

मग आम्ही तिघांनी एड्रियनकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मला…" तो म्हणाला. थांबला. मग त्याने पहिल्यांदाच वाक्य पुरं केलं. "मला तिने विचारलं नाही."

"का नाही विचारलं?" डेस्मंड म्हणाला. आवाज अगदी हळू होता.

"मला माहीत नाही. मी स्वतःला रोज तेच विचारतो."

विचारलं नाही, कारण त्याच्यावर विश्वास होता? की त्याला विचारायचं तिने शनिवारसाठी राखून ठेवलं होतं? तो त्या शनिवारी केंब्रिजला आईवडिलांकडे होता. पोलिसांनी ते तपासलं आणि मान्य केलं. आईवडील दुसरं काय सांगणार, असं मला वाटलं. वाटलं त्याची मला लाजही वाटली. पण वाटलं. त्या दिवशी कोणीच काही नेलं नाही. बाहेर पडताना आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि प्रत्येक मिठीत मला समोरच्याचे हात पाठीवर जाणवत होते.

पुढे पोलिसांनी एकाला पकडलं, बर्निसच्या एका जुन्या अशिलाच्या भावाला. पेपरांत पुन्हा तिचा फोटो आला. काही दिवसांनी त्याला सोडून दिलं, ते आतल्या पानावर आलं. डिटेक्टिव्ह बाई अजून अधूनमधून फोन करतात. त्या माझ्याशी चांगलं बोलतात. पण 'आता तुमच्यावर संशय नाही' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. चेंबर्समधल्या तिच्या खोलीत दुसरं कोणीतरी बसतं. मला ती बातमी ऐकूनसुद्धा पहिला विचार आला तो, कोण?

हिवाळा सरता सरता त्या मुलाच्या मृत्यूची चौकशी पुन्हा सुरू झाली. आईची बाजू मांडायला एड्रियन उभा राहणार होता. मी गेले. माझं तिथे काही काम नव्हतं, प्रेक्षकांच्या बाकांवर जाऊन बसले. डेस्मंड माझ्या आधीच आला होता, टोकाच्या बाकावर. थोड्या वेळाने इव्हॉन आली आणि मधल्या बाकावर बसली. आम्ही एकमेकांना मान हलवली. जवळ कोणी सरकलं नाही.

एवढ्यात वकिलांच्या मागच्या खुर्चीवरून पर्ल उठली, त्या मुलाची आई. ती सरळ माझ्या बाकापाशी आली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, बर्निसच्या पुढच्या खोलीत. "तुम्ही ती इंडियन दुभाषी ना?" तिने विचारलं. "मी इथे बसू का?"

"तुमची जागा पुढे आहे," मी म्हटलं.

"पुढे बसून मला काही कळत नाही. कोर्टाचं इंग्रजी वेगळंच असतं. बर्निस मला सगळं सोपं करून सांगायची." ती थोडी वाकली. "शेवटच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. म्हणाली, पर्ल, मी कधी नसले तर मेडाच्या शेजारी बस. ती जसं बोललं गेलं तसंच सांगते. पदरचं घालत नाही आणि काढतही नाही."

शेवटच्या आठवड्यात. म्हणजे एलिंग रोडनंतर. भेंडी घेऊन ती गाडीत बसली, त्यानंतर… मी पर्लच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ही मला बरं वाटावं म्हणून सांगतेय का, असा विचार तेव्हासुद्धा मनात आला, इतकी मी बदलले होते. पण मुलगा गमावलेल्या बाईला मला बरं वाटायला लावण्याचं काय कारण? मी बॅग उचलून मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली. ती बसली. तिच्या कोटाला बाहेरच्या थंडीचा वास होता. माझे डोळे भरून आले ते तेव्हा, मसालेभाताच्या दिवसापासून पहिल्यांदा.

कॉरोनरने काहीतरी म्हटलं, एड्रियन उठला आणि साक्षीदाराला बोलवायची विनंती केली. नाव पुकारलं गेलं. तो गार्डच होता. त्याला पुन्हा कोणी शोधून काढलं, कसं राजी केलं, मला माहीत नाही. एड्रियनने की पोलिसांनी, की त्याचं तोच आला. दार उघडलं आणि एक जाडसर, दमलेला माणूस टाय सारखा करत आत आला. ज्युरीतले सगळे त्याच्याकडे बघत होते. पण इव्हॉन एड्रियनकडे बघत होती, डेस्मंड इव्हॉनकडे आणि मग माझ्याकडे, आणि एड्रियनने एकदा, अगदी ओझरतं, मागे वळून आम्हा तिघांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली.

गार्ड पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. कोणीतरी त्याच्या हातात कार्ड दिलं आणि तो खालच्या आवाजात काहीतरी वाचायला लागला. पर्लने माझा दंड धरला.

"काय म्हणतोय तो?"

"शपथ घेतोय," मी म्हटलं. "खरं सांगेन म्हणून."